बस भरून माणसं

सयाजीदादा जाऊन सव्वा महिना झाला. काळेवाडीच्या त्या दोन खोल्यांत अजून कुणी ना कुणी बसायला येतंच. येणारा चप्पल काढतो, फोटोला हात जोडतो, इंदुवहिनीसमोर मान खाली घालून बसतो. मग हळूच म्हणतो, "वहिनी, ते पत्रिकांचं आठवतंय का?" की झालं. वहिनी पदर तोंडाला लावते, आणि खांदे हलायला लागले की कळतं, हसतीय. दादाच्या दुखवट्याला आलेली माणसं हसत घरी जातात. आता याला काय करायचं.

तर ते पत्रिकांचं काय झालं ते पहिल्यापासून.

आमचा थोरला भाऊ सयाजीदादा मूळचा निलंग्याकडचा. पोटासाठी पिंपरी-चिंचवडला आला आणि इथलाच झाला. कंपनीची बस चालवायचा. म्हणजे कंपनीत नव्हता, ठेकेदाराची गाडी. सकाळी पावणेसहाला डांगे चौकातून निघायचं. काळेवाडी फाटा, पिंपरी, नाशिक फाटा, भोसरी, मोशी असं एकेक स्टॉप घेत सातच्या आत माणसं चाकणला कंपनीच्या गेटवर सोडायची. साडेतीनला शिफ्ट सुटली की तीच माणसं उलट्या रस्त्यानं घरी. अकरा वर्षं तीच गाडी, तोच रस्ता, माणसं बी तीच.

दादाचा एक नियम होता. स्टॉप आला की दोन बारीक हॉर्न आणि एक लांब. मग एक मिनिट थांबायचं. आला तर आला. नाही आला तर गाडी हलली, मग तो मागून डबा हलवत पळू दे नाहीतर रिक्षा करू दे. दादा आरशात बघायचा पण ब्रेक मारायचा नाही.

आणि दादाचं अकरा वर्षं एकच गाऱ्हाणं होतं. शहरातली माणसं तुसडी.

संध्याकाळी घरी आला, हातपाय धुतले, चहाचा कप हातात घेतला की सुरू. "इंदे, गावाकडं एसटीत बसलं की उतरंस्तवर शेजारच्यानं पोरगी कुठं दिली, म्हैस किती दूध देती, समदं कळतंय. आन हितं? चढले, कानात बोंडं घातली, झोपले. चाकण आलं, उतरले. राम राम न्हाई, बरं हाय का न्हाई. सिमीटाची पोती नेल्यावानी वाटतंय मला."

वहिनी म्हणायची, "मग तुमी बोला की."

"चालत्या गाडीत डायवरनं बोलायचं नसतंय. माझ्या डोक्यावर पाटीच हाय, चालकाशी बोलू नका म्हणून."

"मग ती पाटी त्यास्नी बी दिसत आसंल."

दादा चहा फुंकत बसायचा.

तर या माणसांची नावंच दादाला माहीत नव्हती. एकाचंबी नाही. जो जिथं चढतो ते त्याचं नाव. दुसऱ्या सीटवर खिडकीला बसणारे, सोनेरी काड्यांचा चष्मा, चढल्या चढल्या मान कलंडते ते नाशिक फाटा. बायकांच्या सीटवर मोठी डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसणाऱ्या त्या भोसरी मॅडम. उंच, हडकुळा, कानातून वायर कधी न काढणारा तो डांगे चौक. पिंपरीला दोघं चढायचे, म्हणून पिंपरी एक आणि पिंपरी दोन. घरात बी हीच नावं चालायची. "आज पिंपरी दोन चुकला बग, पळत आलता बिचारा." वहिनीनं एकालाही बघितलं नव्हतं, पण तिला सगळे माहीत.

दोन वर्षांमागं पोरीचं जमलं. दादाची एकुलती एक, इंद्रायणी. इथंच जन्मली म्हणून दादानं नदीचं नाव ठेवलं. नर्स आहे. मुलगा अजिंक्य, लातूरला लॅबमध्ये कामाला, गाव औशाकडचं. सोयरीक पक्की करायला मंडळी काळेवाडीला आली. मुलाचे चुलते दौलतराव, तेच बोलणारे. पांढरी टोपी, आवाज असा की वरच्या मजल्यावरची बाई खाली डोकावली.

दौलतराव म्हणले, "लग्न गावाकडं करू. हितं तुमच्याकडून कोण येनार? शहरात कुणी कुणाचं नसतंय. शेजारी मेला तरी दार उघडत न्हाईत म्हणं."

आता हे दादाचंच बोलणं होतं. अकरा वर्षं रोज तो हेच बोलत आला. दौलतरावांनी त्यात एक शब्द बदलला नव्हता. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि दादाला असं झोंबलं की कानाच्या पाळ्या लाल.

"आसं कोण म्हणलं?" दादा म्हणला. "लग्न हितंच करायचं. माझी बस भरून माणसं येतील."

वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती ती तिथंच राहिली.

"बस भरून?" दौलतराव हसले.

"अडतीस शीटं हाईत. मोजून घ्या."

"बरं. मोजतोच की. लग्नाच्या दिवशी तुमच्या बाजूला हुबा राहून मोजतो."

पाहुणे गेले. वहिनीनं ट्रे खाली ठेवला आणि विचारलं, "आवो, कोण ही अडतीस?"

दादा म्हणला, "तोंडातून निघून गेलं."

पण निघून गेलेलं परत थोडंच येतं. पोरीच्या सासरी पहिल्याच दिवशी बाप खोटा पडणार, हे दादाच्या डोक्यात बसलं. इंद्रायणी तिथं आयुष्य काढणार, आणि दौलतरावासारखा माणूस सणावाराला चारचौघांत विषय काढणार. तुझ्या बापाची बस कुठं गेली गं?

मोशीला हायवेच्या कडेचं कार्यालय ठरवलं. गुरुवार धरला, कारण गुरुवारी इकडच्या कंपन्यांना सुट्टी. दुपारी चार पन्नासचा मुहूर्त. पत्रिका छापून आल्या. दादा पेन घेऊन बसला. "श्री." लिहिलं आणि पेन थांबला.

"विचारा की नावं," वहिनी म्हणली.

"अकरा वर्षांनी? तुला लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर विचारलं आसतं का मी, बाई तुझं नाव काय म्हणून?"

दुसऱ्या दिवशी त्यानं एक युक्ती केली. सगळ्यांच्या गळ्यात कंपनीचं कार्ड असतं, त्यावर नाव असतं. उतरताना वाचायचं ठरवलं. पण अक्षर बारीक आणि दादाचा चष्मा घरी. भोसरी मॅडम उतरताना दादा जरा पुढं वाकला, तर मॅडमनं कार्ड उलटं करून पर्समध्ये टाकलं आणि असं बघितलं की दादा दोन दिवस मान वर करीना. तो उपाय तिथंच संपला.

शेवटी बसला आणि जे येत होतं तेच लिहिलं. इंद्रायणी ड्युटीवरून आली आणि गठ्ठा हातात घेऊन वाचायला लागली.

"श्री. नाशिक फाटा व परिवार? पप्पा, हे काय आहे?"

"मग काय लिवू?"

"सौ. भोसरी! अहो, त्यांचं लग्न झालंय का तरी माहितीये का?"

"ते बी खरं. खोड ते. मॅडम लिव."

"श्री. पिंपरी एक... श्री. पिंपरी दोन..." पोरगी भिंतीला टेकून खाली बसली. हसून हसून तिला उचकी लागली. वहिनी म्हणाली, फाडून टाका. दादा म्हणला, "ऱ्हाऊ दे. ज्याची त्याला कळंल."

सकाळी गाडी काढायच्या आधी दादानं ज्याच्या त्याच्या सीटवर पत्रिका ठेवली. वर गंध, अक्षता, सगळं रीतसर. मग एकेक स्टॉप घेत आरशातून बघत राहिला. डांगे चौकनं पत्रिका उचलली, बसला. पिंपरी एकनं वाचली आणि पिंपरी दोनला दाखवली. नाशिक फाट्यानं नीट उघडून शेवटपर्यंत वाचली, चष्म्यावरून आरशाकडं बघितलं. दादानं झटकन नजर रस्त्यावर घेतली. परत बघतो तर पत्रिका बॅगेत आणि मान कलंडलेली. भोसरी यायच्या आत झोपले. चाकणला सगळे उतरले. एक शब्द नाही.

संध्याकाळी गाडी झाडताना सीटखाली एक पत्रिका सापडली. तिच्यावर बुटाचा ठसा. उलटी करून बघितली. श्री. डांगे चौक.

दादानं ती रुमालानं पुसली. ठसा गेला नाही. गावी आईनं आम्हाला शिकवलं होतं, पत्रिका पायदळी येऊ द्यायची नाही. त्यानं ती केबिनमध्ये देवाच्या फोटोमागं खोचून ठेवली. घरी येऊन वहिनीला एवढंच म्हणला, "दौलतराव बरुबर हाईत."

त्यात अजून भर पडली. लग्नाच्या आठवड्यात कंपनीचा कागद आला. शनिवारी लाईटचं काम आहे म्हणून सुट्टी शनिवारी, आणि त्याच्या बदल्यात गुरुवारी कंपनी चालू. म्हणजे जी सुट्टी बघून दिवस धरला, तीच गेली. दादा सोमवारी गाडीत उभा राहून म्हणला, "गुरुवारी तुमची कंपनी चालू हाय म्हणं. चालायचंच. काय इलाज हाय." कुणी झोपलेलं, कुणाच्या कानात वायर. दादा खाली बसला आणि गिअर टाकला. मंगळवारपासून त्याची रजा, गाडीवर बदली ड्रायव्हर.

वहिनीनं आचाऱ्याला सांगायच्या आधी विचारलं, "आडतीस ताटं कमी सांगू का?"

दादा म्हणला, "धरून सांग."

गुरुवारी मुलाकडचे लोक दोन ट्रॅव्हल्स भरून आले. बायकांनी दागिने घातलेले, पुरुषांच्या डोक्यावर टोप्या, हॉल त्या बाजूनं ठासून भरला. आमच्या बाजूला गावाकडचे बाराजण आणि त्याच ओळीत दोघं मंडपवाले, दमले म्हणून बसलेले. दौलतराव हात मागं बांधून खुर्च्यांमधून फिरत आले.

"व्याही, मंडपवाले धरून चौदा. धरायचे का सोडायचे?"

दादा फेटा बांधून गेटवर उभा होता. त्याला घड्याळ लागत नव्हतं. साडेतीनला सुटले. पाच मिनिटं चढायला. निघोजेचा चौक. कुरुळी फाट्याला जाम. एवढा वेळ झाला म्हणजे गाडी इथून पुढं गेली असणार. माणसं घरी पोचली असतील. असं स्वतःलाच सांगायचा आणि परत रस्त्याकडं बघायचा.

चार पन्नास झाले. आतून वहिनी आली. "भटजी बोलवत्यात. चला."

"जरा थांब."

"एक मिनिट थांबणारा माणूस तुमी."

"आज धा मिनिटं थांबू."

दौलतराव मागून म्हणले, "मुहूर्त कुणासाठी थांबत न्हाई, व्याही. कुणाची वाट बघालाव?"

आणि लांबून ऐकू आलं. दोन बारीक, एक लांब.

हायवेला दिवसातून हजार हॉर्न वाजतात. पण दादाचा चेहरा असा झाला की दौलतरावांनी पण मागं वळून बघितलं. ती पांढरी बस, निळा पट्टा, डाव्या बाजूला पोचा आलेली, आमच्या दादाची बस, इंडिकेटर देत देत कार्यालयाच्या गेटात शिरली. दार उघडलं आणि माणसं उतरायला लागली. कंपनीची करडी वर्दी, गळ्यात कार्ड, हातात डब्याच्या पिशव्या. मॅडम तर कंपनीतच हिरवी साडी नेसून आलेल्या, आणि साडीखाली ते कंपनीचे जाड काळे बूट.

डांगे चौक आधी उडी मारून उतरला. कानात वायर नव्हती. "काका, मंगलाष्टका झाल्या का? या ड्रायव्हरला तुमचा हॉर्न शिकवता शिकवता कुरुळी आली राव! आणि तो जाम! आम्ही चौघं खाली उतरून रस्ता मोकळा करत होतो."

दादा म्हणला, "तुमी... समदे?"

नाशिक फाट्यानं चष्मा पुसला. "पत्रिका दिलीत ना तुम्ही," ते म्हणले. जसं काय एवढंच लागतं.

"माझी हरवली हो काका," डांगे चौक म्हणला. "झोपेत मांडीवरून पडली. पण पत्ता-वेळ यांच्या पत्रिकेत बघितला. माझ्या पत्रिकेवर नावाऐवजी तुम्ही माझा स्टॉपच लिहिला होता, एक नंबर!"

दौलतराव पुढं झाले. "हे कोण पाहुणे?"

दादा काय सांगणार. तेवढ्यात चष्मेवाल्यांनी हात जोडले. "नमस्कार. मी नाशिक फाटा. हे पिंपरी एक, हे पिंपरी दोन. या भोसरी मॅडम."

दौलतरावांचं तोंड जे उघडं राहिलं ते अक्षता हातात देईपर्यंत मिटलं नाही.

लग्न लागलं. आमच्या बाजूनं अक्षता अशा पडल्या की भटजींनी पंचा डोक्यावर घेतला. मग टॉवेल-टोपीचा मान. आमच्याकडं माईकवर नाव पुकारून पाहुण्याला टोपी घालतात. दादानं यादी आधीच देऊन ठेवली होती आणि गडबडीत परत घ्यायची विसरला. माईकवाला मोशीचाच. त्यानं कागद उघडला.

"यानंतर... श्री. नाशिक फाटा यांनी व्यासपीठावर यावे." तो थांबला. कागद उलटा करून बघितला. "नाशिक फाटा... आहेत का?"

"आहे, आहे!" सगळी बस ओरडली.

"मॅडम भोसरी... श्री. पिंपरी एक..." माईकवाल्यालाच हसू आवरेना. हॉलमधली बारकी पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. मुलाकडच्या बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. इंद्रायणी मुंडावळ्या सावरत हसत होती, आणि अजिंक्य तिला विचारत होता, "खरंच ही नावं आहेत?"

टोपी घातल्यावर माईकवाला म्हणला, "साहेब, खरं नाव तरी सांगा."

"सुरेंद्र," ते म्हणले. "पण नाशिक फाटाच बरं आहे, काकांनी ठेवलंय." मॅडम म्हणाल्या, "मी पद्मा. आणि कुमारी नाही, सौ. आहे. खोडलेलं दिसत होतं." डांगे चौक क्षितिज निघाला.

दादा आता सुटला होता. सगळ्यांसमोर म्हणला, "मला तर वाटायचं, तुमी लोक लई तुसडे."

"आम्ही?" पद्मा मॅडम म्हणाल्या. "अहो, आम्हाला वाटायचं ड्रायव्हरकाका खडूस! एक मिनिटाच्या वर थांबत नाहीत. आणि डोक्यावर ती पाटी. कोण बोलणार?"

वहिनी मागून म्हणाली, "मी तेच म्हणत व्हते. आकरा वर्षं."

सुरेंद्र साहेब खाली आले आणि दादाचा हात धरला. हे माईकवर नव्हतं, जवळ होते त्यांनाच ऐकू आलं. "आमची आई अंथरुणाला आहे. रात्री जागं राहावं लागतं. तुमच्या गाडीत नाशिक फाटा ते चाकण, तेवढीच माझी झोप. अकरा वर्षांत एकदा पण धक्का बसून जाग नाही आली. दुसऱ्याच्या गाडीत मला डोळा लागत नाही हो. हे तीन दिवस जागाच होतो."

दादानं फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसले.

दौलतराव बोट दाखवून मोजत होते. त्यांनी दोनदा मोजलं. "व्याही, सदतीसच हाईत. एक कमी."

गेटातून आवाज आला. "अडतिसावा मी! गाडी लावत होतो. मला पण टोपी घाला." बदली ड्रायव्हर पळत आला.

दौलतरावांनी स्वतःच्या डोक्यावरची मानाची टोपी काढली आणि त्याच्या डोक्यावर ठेवली. मग दादाला म्हणले, "आता आमचं बी लिवून घ्या. श्री. औसा मोड. आमच्याकडं फाट्याला मोडच म्हणत्यात." त्या दिवसापासून दादा त्यांना फोनवर औसा मोडच म्हणायचा.

रविवारी दादा कामावर गेला. पेढ्याचा पुडा घेऊन. आता गाडीत नुसती बडबड चालणार, असं तो वहिनीला सांगून गेलता. म्हैस, पोरी, सोयरिकी, समदं. ती बुटाच्या ठशाची पत्रिका फोटोमागून काढून समोर काचेला चिकटवली.

संध्याकाळी घरी आला. वहिनीनं चहा दिला आणि विचारलं, "मग? काय काय बोलले?"

"चढताना राम राम काका म्हणले. पेढा घेतला."

"आन मग?"

"मग काय. भोसरीच्या आत समदे झोपले." दादा कपातच हसला. "मोशीचा तो गतिरोधक हाय न्हवं, थितं आरशात बघितलं. नाशिक फाट्याची मान हाललीसुद्दा न्हाई."